चारचौघांत बोला: ओपन सोर्स प्रोजेक्टमधल्या बोलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरंपोरी आमच्या अहिराणी शब्दसंग्रहाच्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना वाचायला, वापरायला खुला असलेल्या) प्रोजेक्टला हात लावायला येतात, तेव्हा कोडबद्दल फार विचारत नाहीत. विचारतात ते असं: "दादा, हे कुठे बोलू? सगळ्यांसमोर बोलू की तुम्हालाच सांगू?" फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. प्रोजेक्ट लहान आहे, नियमित राबणारे आम्ही चौघंच. पण खालचं बरंचसं मोठ्या प्रोजेक्टनाही लागू पडेल, कारण शिकलोय त्यांच्याकडूनच.

कोड सगळ्यांना दिसतोच. मग बोलणंही चारचौघांत कशाला?

सक्ती नाही, हे आधी सांगून टाकतो. नेहमीच्या ओपन सोर्स लायसन्सपैकी एकही "चर्चा जाहीर करा" असं म्हणत नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये बसलेला आहे. त्याचा कोड कोणीही वाचावा, वापरावा. पण बाहेरच्यांनी पाठवलेले कोडमधले बदल, म्हणजे पॅच, ते सहसा घेत नाहीत, आणि तसं स्वच्छ सांगतात. तोही एक मार्ग आहे.

तुम्हाला मात्र नवे हात हवे असतील तर तो मार्ग उपयोगाचा नाही. कोड वाचून काय केलं ते कळतं. का केलं, आणि त्याआधी काय काय करून पाहिलं नि सोडून दिलं, ते कळत नाही. नवा माणूस अडतो तो नेमका तिथे.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातली एक गोष्ट सुटून जाते. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने मिनिक्स या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या न्यूजग्रुपवर (इंटरनेटवरच्या चर्चेच्या फळ्यावर) संदेश टाकला तेव्हा लोकांना द्यायला त्याच्याकडे अजून कोड नव्हता. आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, फार मोठं काही होणार नाही, पण मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं नि काय खटकतं ते सांगा, असं त्याने विचारलं होतं. पहिला कोड सप्टेंबरात आला. म्हणजे बोलणं आधी, कोड नंतर.

म्हणजे सगळंच्या सगळं जाहीर बोलायचं?

नाही. प्रोजेक्ट कुठे चाललाय हे ज्याने ठरतं ते जाहीर: कुठला शब्द घ्यायचा, कुठली लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) काढून टाकायची, पुढची आवृत्ती कधी, डोमेनचे पैसे कोणी भरले. माणसाच्या खासगी आयुष्यातलं काही असेल, कोणाच्या वागण्याची तक्रार असेल, सुरक्षेचं भोक सापडलं असेल, तर ते बंद दाराआड. बरेच ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनसारख्या, सगळं उघड बोलायचा आग्रह धरणाऱ्या संस्थेतही प्रत्येक प्रोजेक्टला एक खासगी मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर टाकलेली मेल सगळ्या सदस्यांना पोचते ती) असते. नव्या माणसाला कमिटचे, म्हणजे मूळ कोडमध्ये थेट बदल नोंदवायचे हक्क द्यायचे का, ही चर्चा तिथे होते. एखाद्याला नाही म्हणायचं तर ते गावभर कशाला?

घोळ होतो तो मधल्या गोष्टींत. "अमक्याचा पॅच चांगला नाही" हे जाहीर बोलायचं. "अमक्याला काही येत नाही" हे जाहीरही नाही आणि खासगीतही नाही.

मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) थेट व्हॉट्सॲपवर विचारलं तर काय बिघडलं?

काय बिघडतं ते माझ्याच हातून झालंय, म्हणून सविस्तर सांगतो.

एका रात्री पावणेअकराला शिरपूरच्या एका पोराची व्हॉइस नोट आली, तीन मिनिटांची. पहिलं मिनिट "दादा, काय करी ऱ्हायना, जेवण झालं का" यातच गेलं. मग मुद्दा: शब्दसंग्रहात 'ऱ्हायना' शोधलं तर कधी सापडतं, कधी नाही, आणि यादीत तोच शब्द दोनदा दिसतो. पोराचं बरोबर होतं. 'ऱ्हा'मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. त्याचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरत होता, माझा दुसरी.

दोन दिवस फोनवर बोलत बोलत आम्ही ते शोधून काढलं, आणि शोध घेण्याआधी दुसरी तऱ्हा पहिलीत बदलणारी एक ओळ कोडमध्ये टाकली. कमिटला मी नाव दिलं "किरकोळ दुरुस्ती". आठ महिन्यांनी फाइल आवरायला बसलो तर ती ओळ समोर आली. एक अक्षर घ्यायचं आणि तेच अक्षर परत ठेवायचं, असं काहीतरी ती करत होती. निदान स्क्रीनवर तरी दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच दिसत होतं. म्हटलं, हा काय वेडेपणा, कोणी लिहिला? काढून टाकली.

पंधरवड्याच्या आत साक्रीच्या एका शिक्षिकेने इश्यू (प्रोजेक्टच्या पानावरची जाहीर नोंद) उघडला: 'पऱ्हाटी' सापडत नाही. मला काही म्हणता काही आठवेना. शिरपूरच्या पोराने फोन बदललेला, व्हॉइस नोट त्याच्याकडे नाही नि माझ्याकडेही नाही. पुन्हा पहिल्यापासून शोध, पुन्हा दोन दिवस. या वेळी मात्र सगळं त्या बाईंच्या इश्यूमध्ये लिहिलं: दोन्ही तऱ्हांचे कोड पॉइंट (युनिकोडचे नंबर), कुठल्या कीबोर्डवर काय उमटतं, काय करून पाहिलं. आणि त्या ओळीच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये इश्यूचा नंबर. त्यानंतर तीन जणांनी "ही ओळ निरुपयोगी आहे" म्हणून ती काढायचा पॅच पाठवला. तिघांनाही मी फक्त इश्यूची लिंक दिली.

तर आता कोणी पर्सनलला विचारलं की मी लिहितो, "हे इश्यूत टाका, तिथेच उत्तर देतो." हा तुसडेपणा नाही. कोणी फारच लाजत असेल तर त्याला विचारून, त्याचं नाव न घालता, मीच तो प्रश्न तिथे मांडतो.

पण आमच्या ग्रुपवर दीडशे माणसं आहेत. ते चारचौघांतच झालं ना?

दीडशे माणसं बसलेली असली तरी ती बंद खोलीच. उद्या येणाऱ्या माणसाला कालचं बोलणं आपोआप मिळत नाही, सर्च इंजिनला ते दिसत नाही, आणि ग्रुपवर सकाळचे सुविचार, लग्नपत्रिका नि "लाइट गेली का तुमच्याकडे" यांच्या गर्दीत निर्णय कुठे झाला ते दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्यांनाही सापडत नाही. टेलिग्राम, डिस्कॉर्ड यांचंही कमीअधिक तेच.

ग्रुप बंद करा असं मी म्हणत नाही. आमचाही आहे. पण त्यावर काही ठरलंय असं वाटलं की कोणीतरी, बहुतेक वेळा मीच, दोन ओळी इश्यूत नेऊन टाकतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तिथे सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाला नाव दिलंय 'चावडी'. यापेक्षा नेमका शब्द मला सुचलेला नाही. शिवाय प्रत्येक लेखाला चर्चापान आणि प्रत्येक बदलाचा इतिहास. कोणी कधी काय बदललं आणि त्यावरून कोण कोणाशी भांडलं, सगळं तिथल्या तिथे वाचायला मिळतं. उघड चर्चा कशी चालते ते पाहायचं असेल आणि कोड येत नसेल, तर तिथून सुरुवात करा.

आम्ही तर प्रत्यक्ष भेटून ठरवतो. ते चुकीचं का?

भेटणं उत्तम. दोन तासांच्या गप्पांत जे सुटतं ते पन्नास कॉमेंटमध्ये सुटत नाही. प्रश्न एवढाच की न आलेल्यांचं काय?

अपाचीवाल्यांचं एक जुनं म्हणणं आहे: जे मेलिंग लिस्टवर झालं नाही ते झालंच नाही. भेटा, फोन करा, चहा घ्या. पण निर्णय लिस्टवर मांडला जाईपर्यंत तो निर्णय नाही, नुसता प्रस्ताव. आणि मतदान असेल तर साधारणपणे किमान ७२ तास उघडं ठेवायचं. माणसं स्वतःच्या वेळात काम करतात, वेगवेगळ्या देशांत राहतात, कोणी रविवारीच मेल बघतो. ७२ तास त्यासाठी.

हे आम्हाला यावलजवळच्या एका भरीत पार्टीनंतर पटलं. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या, आणि आम्ही सात जणांनी ठरवून टाकलं की लेवा गणबोलीचे (जळगावकडच्याच दुसऱ्या बोलीचे) शब्द यादीतून काढायचे. प्रोजेक्ट अहिराणीचा आहे, सरमिसळ नको. सगळे एकमताने. दुसऱ्या दिवशी प्रस्ताव म्हणून लिहिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धडगावकडच्या एका मुलीची कॉमेंट आली. तिकडे रेंज मिळायला टेकडीवर जावं लागतं, त्यामुळे तिने एकदम सगळं वाचून एकदम लिहिलं होतं. तिने यादीतले चाळीसेक शब्द दाखवले जे दोन्ही बोलींत सारखेच आहेत, आणि विचारलं, हे कोणाचे म्हणून काढणार? भाकरी खाताना हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. शब्द राहिले, प्रत्येकापुढे बोलीचं नाव लिहायचा रकाना वाढला.

सगळेच बोलणार, मग ठरवणार कोण?

सगळे बोलतात म्हणजे सगळे ठरवतात असं नाही, हा गैरसमज आधी काढा.

आपल्याकडे पांझरा नदीच्या खोऱ्यात फड पद्धत काही शतकं चाललेली आहे. बंधाऱ्यावरून पाट निघतो, लाभाची जमीन फडांत वाटलेली, आणि कुठल्या फडात यंदा काय पीक घ्यायचं ते शेतकरी मिळून ठरवतात. पण एकदा ठरलं की पाणी सोडतो तो पाटकरी. ज्याच्या त्याच्या मनाला येईल तसा पाट फोडायचा नाही. ओपन सोर्समध्ये पाटकरी म्हणजे मेंटेनर: मर्जचं (बदल मूळ कोडमध्ये घ्यायचं) बटण त्याच्या हातात, पण ते का दाबलं हे सगळ्यांना सांगायला तो बांधील.

प्रत्यक्ष पद्धती वेगवेगळ्या. अपाचीत +१, ०, -१ अशी मतं देतात. कोडच्या बदलावर कमिटरने -१ दिलं तर तो नकाराधिकार ठरतो, पण सोबत तांत्रिक कारण द्यावंच लागतं. नुसतं "मला आवडलं नाही" चालत नाही. रोजच्या किरकोळ गोष्टींना मतदान लागतच नाही: "मी असं करतोय" लिहायचं, ठरावीक वेळात कोणी हरकत घेतली नाही तर ते मान्य धरायचं. आमचा नव्वद टक्के कारभार असाच चालतो.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मोठ्या बदलासाठी पेप नावाचा दस्तऐवज लिहायचा असतो, नाकारलेले पेपही कारणांसह जपून ठेवतात. बरीच वर्षं शेवटचा शब्द भाषेचा जनक ग्विडो व्हान रॉसम याचा असायचा. पेप ५७२ वरची चर्चा इतकी तापली की जुलै २०१८ मध्ये, तो पेप मंजूर करून, त्याने ते पद सोडलं. पुढे कारभार कसा चालवायचा याचेही पेपच लिहिले गेले, त्यावर मतदान झालं, आणि आता पाच जणांचं निवडून दिलेलं मंडळ आहे. उघड चर्चेने माणूस थकतो, हेही खरं आहे.

माझं इंग्रजी कच्चं आहे. लोक हसतील का?

हसत नाहीत. या जगात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचीच गर्दी आहे. खुद्द टोरवाल्ड्सची मातृभाषा स्वीडिश. लहान वाक्यं लिहा. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, ही तीन उत्तरं आली की व्याकरणाकडे कोणी बघत नाही. एरर आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट नको, मजकूर चिकटवा. स्क्रीनशॉट शोधता येत नाही आणि धुळ्याहून मोबाईलवर बघणाऱ्याला वाचताही येत नाही.

आमच्याकडे मराठी चालते, अहिराणी तर पळते. भाषांतराच्या आणि फॉन्टच्या प्रोजेक्टमध्ये मराठीत बोलणं साहजिकच आहे. निर्णय इतर भाषकांवर परिणाम करणारा असेल तर शेवटी दोन ओळी इंग्रजीत टाका, एवढंच.

आमच्या चुका सगळ्यांना दिसल्या तर नाचक्की नाही का होणार?

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इथे चालत नाही. लिनक्सची तयार आवृत्ती बनवणाऱ्या डेबियन प्रोजेक्टने १९९७ मध्येच आपल्या सामाजिक करारात लिहिलं की आम्ही अडचणी लपवणार नाही, बगची (कोडमधल्या चुकांची) सगळी नोंद कायम लोकांसाठी उघडी राहील. ज्या प्रोजेक्टमध्ये एकही उघडा बग दिसत नाही त्याच्याकडे मी तरी संशयाने बघतो. एकतर कोणी वापरत नाही, नाहीतर कोणी सांगत नाही.

सुरक्षेचं भोक सापडलं तर तेही इश्यूत टाकू?

नका टाकू. या पानावर एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल.

कारण साधं आहे: दुरुस्ती तयार नसताना भोक जाहीर केलं की वाचणाऱ्यांत चोरही असतो. रेपोमध्ये (प्रोजेक्टचा कोड ठेवलेल्या जागी) 'सिक्युरिटी' नावाची फाइल असते, तिच्यात कोणाला कसं कळवायचं ते लिहिलेलं असतं. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खासगीत कळवायची सोयही आहे, मेंटेनरने ती चालू करून ठेवावी. पण खासगी म्हणजे कायमचं खासगी नव्हे. गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या पथकाने ९० दिवसांची मुदत रूढ केली: तेवढ्यात दुरुस्त करा, नाहीतर आम्ही जाहीर करू.

मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण यासाठी जरूर वाचा. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएचने (दूरच्या कॉम्प्युटरमध्ये सुरक्षित शिरायच्या सोयीने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. एवढ्यावरून तो खोदत गेला आणि एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत मुद्दाम घातलेलं चोरदार सापडलं. त्याने आधी डेबियनच्या सुरक्षा पथकाला आणि लिनक्सच्या इतर तयार आवृत्त्या बनवणाऱ्यांना खासगीत कळवलं, आणि मग २९ मार्चला ओएसएस-सिक्युरिटी या जाहीर लिस्टवर सगळं मांडलं.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ते दार घालणाऱ्याने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला होता, आणि थकलेल्या मूळ मेंटेनरवर "दुसऱ्याला हक्क द्या" असा दबाव आणणाऱ्या मेल मेलिंग लिस्टवर येत राहिल्या होत्या. हे सगळं नंतर कळलं कसं? लिस्टचं जुनं दप्तर उघडं होतं म्हणून. आणि दार उघडणारा बिल्डचा (कोडपासून चालता प्रोग्राम बांधण्याचा) तुकडा कुठे होता? रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात), सर्वांना दिसणाऱ्या गिट रेपोमध्ये नव्हे.

प्रश्न विचारून आठवडा झाला, उत्तर नाही. अपमान समजायचा का?

केळीची कापणी चालू असेल. खरंच सांगतोय, आमच्यातल्या दोघांची सावद्याकडे केळी आहे. आठ-दहा दिवसांनी त्याच धाग्यावर एक ओळ टाका. नवा इश्यू उघडू नका, दहा जणांना टॅग करू नका.

कोणी सगळ्यांसमोर खेकसलं तर?

उलट खेकसू नका. तुमचंही तिथेच राहणार आहे. मुद्द्याला उत्तर द्या, आणि वागण्याबद्दल आचारसंहितेत दिलेल्या माणसाला खासगीत कळवा. मोठमोठ्यांना हे शिकावं लागलंय. टोरवाल्ड्सच्या जळजळीत मेल वर्षानुवर्षं प्रसिद्ध होत्या. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लिस्टवरच माफी मागितली आणि काही आठवडे बाजूला झाला. त्याच सुमारास कर्नलने आचारसंहिता स्वीकारली.

माझाही एक धागा आहे, २ वाजता रात्री लिहिलेला. लिंक देणार नाही, शोधा.

एकदा लिहिलेलं पुसता येतं का?

तुमच्या स्क्रीनवरून पुसता येतं. ज्यांना मेल गेली त्यांच्या इनबॉक्समधून नाही, संग्रह करणाऱ्यांकडून नाही. त्यामुळे फोन नंबर, आधारचा फोटो, ग्राहकाचा खरा डेटा टाकू नका. आमच्याकडे एकाने लॉग चिकटवला, त्यात सर्व्हरचा पासवर्ड होता. अशा वेळी कॉमेंट पुसत बसू नका, आधी पासवर्ड बदला.

गिटच्या (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) प्रत्येक कमिटमध्ये तुमचं नाव आणि ईमेल कोरलं जातं, हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं. घरचा ईमेल दिसायला नको असेल तर गिटहब एक आडोशाचा पत्ता देतं, तो पहिल्या कमिटच्या आधी लावा.

कॉलेजला पॉइंट मिळावेत म्हणून रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या ओळखीच्या फाइलमध्ये) माझं नाव घालायचा पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारायची विनंती) पाठवू का?

नको. हॅकटोबरफेस्ट या दर ऑक्टोबरच्या ओपन सोर्स उपक्रमात टी-शर्टसाठी अशा निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की २०२० मध्ये आयोजकांना नियम बदलून, जे प्रोजेक्ट स्वतःहून सामील होतील तेवढेच मोजावे लागले. त्याऐवजी बंद झालेले दहा इश्यू वाचा आणि एखाद्यातलं सगळ्यात गोंधळाचं उत्तर नीट करून लिहून पाठवा. मुलाखतीत दाखवायला तेच कामी येतं. समोरचा माणूस लिंक उघडून वाचतो.

भरीत पार्टीला कसं यायचं?

डिसेंबरात असते. तारीख इश्यूत टाकतो, ७२ तास हरकतीला उघडी असते. मिरच्या किती घालायच्या यावर मतदान होत नाही.